मास्तरांची एक वात

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या आळीत वेणूबाईइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या नवऱ्याइतका आकडेवेडा माणूसही नव्हता. धर्मराज मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्रेपन्न साली त्यांच्या छातीत पाणी झालं आणि ते अंथरुणाला खिळले. वेणूबाईनं शिवमंदिरात हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, यांना बरं वाटू दे, त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावीन. वर तीन, चुकीमाकीच्या.

लाख वाती वळायला शेजारणींनी हात लावलेला चालतो, पण आमच्या आळीत वाटे सारखे लागत. नाहीतर पुण्य कुणाचं जास्त यावरून वर्षभर अबोला. आम्ही सहाजणी गेलो, वेणूबाई सातवी. वाटणी काही जमेना, आणि देवापुढे बोललेला आकडा बदलता येत नाही.

मास्तरांना पडल्यापडल्या चाळाच मिळाला. पाटी घेऊन ते भाग लावत बसले. तीनशे सोळापर्यंत बघितलं की पुरे, म्हणाले. त्यापुढच्या कुणानं भाग जात असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. काही दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, की एक लाख तीन ही मूळ संख्या आहे, कुणाच्या बापाला सारखी वाटता यायची नाही. आजारी चेहऱ्यावर काय तो आनंद! वेणूबाईनं त्यातून भलताच अर्थ काढला. हे एकटीनंच करावं अशी देवाची इच्छा, म्हणाली, आणि आम्हाला घरी पाठवलं. मला मास्तरांचा भारी राग आला.

गौरीगणपतीपर्यंत तिच्या जेमतेम बारा हजार वाती झाल्या. बोटं सोलवटली, अंगात ताप मुरला, तरी मांडीवर कापूस. वाती पुऱ्या झाल्या नाहीत तर नवरा जाईल, हेच डोक्यात.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर मास्तर भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी बायकोकडे कापूस मागितला. स्वतःच एक वात वळली, जाडजूड, वाकडी.

"ही माझी," ते म्हणाले. "उरल्या एक लाख दोन. सातजणींत भाग जातो."

"तुमच्यासाठीच बोललेय मी. त्यात तुमची कशी चालेल?"

"एक बाजूला काढला की वाटणी होते, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं, वेणू. मी आकड्यावरच खूश होऊन बसलो, आणि तू इकडे झिजतेयस."

तापातही न रडलेली वेणूबाई तेव्हा पदर तोंडाशी धरून रडली. संध्याकाळी आम्ही सगळ्या आपापले पाट घेऊन तिच्या ओटीवर हजर. तिच्या बारा हजार तिच्या वाट्यात धरल्या.

मास्तर डॉक्टरच्या सुयांनी बरे झाले की वातींनी, हा हिशेब मी करत नाही. त्रिपुरीला ते काठी टेकत देवळापर्यंत आले. वेणूबाईनं आधी त्यांची वाकडी वात पेटवली. ती नीट जळेना, नुसती धुमसत राहिली.

"देवा, हीसुद्धा मोज," ती म्हणाली. "हिच्यावाचून आकडा पुरा होत नाही."