डॉक्टर लुत्फीची कबुतरं

लुत्फी गच्चीवरच्या कबुतरखान्याच्या लाकडी मनोऱ्याच्या टोकावर उभा राहून लाल फडकं फिरवत होता. संध्याकाळी आमच्या इंबाबा वस्तीतल्या सगळ्या गच्च्या गुलाबी होतात, नाईलवरून वारा येतो, आणि साठ कबुतरं एकदम वळली की आकाशच कूस बदलतंय असं वाटतं. मी खालून ओरडले, "डॉक्टर, पेशंट वर गेले, आता तुम्ही उतरा!"

"गप गं. बाबा ऐकतील."

बाबा कसले ऐकतात! खाली दुकानात त्यांचं शिलाई मशीन दिवसभर खडखडतं. माझा हा भाऊ डॉक्टरी शिकायला लागला त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने पांढरा कोट शिवला. तेव्हापासून गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. "डॉक्टरचे बाबा, ही पँट आखूड करा!" बाबांची मान अशी वर जाते की टाका वाकडा पडतो. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात कोणी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नव्हता. सगळ्यांचं सगळं लुत्फीवर.

आणि लुत्फीने आठ महिन्यांपूर्वीच कॉलेज सोडलेलं. मढ्यांच्या वासाने त्याला झोप येईना. रोज सकाळी कोट घालून निघायचा, गल्लीला वळसा घालून मागच्या जिन्याने गच्चीवर. हे फक्त मला माहीत. मारून टाकलं असतं तरी बोलले नसते.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून मुअल्लिम झगलूलने, गल्लीतल्या कबुतरवाल्यांच्या उस्तादाने, आपला थवा सोडला. दोन्ही थवे एकमेकांत विरघळले, पुन्हा सुटले, आणि आमची 'कमर' नावाची कबुतरी झगलूलच्या थव्याबरोबर त्याच्या गच्चीवर उतरली. लुत्फीने स्वतःच्या तोंडातून दाणे भरवून वाढवलेली पांढरी मादी.

आमच्याकडे धरलेलं पाखरू धरणाऱ्याचं. परत मागायला जायचं म्हणजे भर गल्लीत नाक घासायचं. कोणी जात नाही.

लुत्फीने उतरून फडकं माझ्या हातात दिलं. "संपलं. सगळी विकतो. उद्यापासून परत कॉलेज."

"मरशील तिथे."

"मरू दे. डॉक्टर म्हणून तरी मरेन."

सकाळी कोट चढवून तो शेवटचं पाणी घालायला वर आला. कमर तिच्या खणात बसली होती. पंखांची पिसं दोऱ्याने बांधलेली. धरलेलं पाखरू पळू नये म्हणून बांधतात तशी. उडणं शक्यच नव्हतं.

"चालत आली वाटतं," मी म्हटलं.

लुत्फी हसला की रडला, कळलं नाही. तिला कोटात घेऊन तसाच दुकानात गेला. मी मागोमाग.

"बाबा, मी कॉलेज सोडलंय. आठ महिने झाले."

मशीन थांबलं. बाबांनी कोटाकडे पाहिलं. छोटी कात्री घेऊन कमरच्या पंखांवरचा दोरा हळूच कापला.

"कोट काढ. पांढऱ्यावरची शीट निघत नाही," म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दोन वर्षांनी झगलूलच्या मुलीच्या लग्नात झगलूलच मला म्हणाला, "कमर धरली त्या संध्याकाळी तुझा बाप दुखरा गुडघा घेऊन सात मजले चढून आला होता. मी चिडवलं, 'या, डॉक्टरचे बाबा, इकडे कुठे?' तर म्हणतो, 'डॉक्टरचा नाही. कबुतरवाल्याचा बाप आहे मी. आमचं पाखरू द्या.'"