उभ्यानं वाचणारा संपादक

गेल्या रविवारी सकाळी सव्वाअकराला, अमरावतीच्या एका छापखान्यात, आमच्या त्रैमासिकाच्या संपादककाकांवर अन्याय झाला. अन्याय करणारा इसम मला ठाऊक आहे: संपादककाका स्वतः. वाचनालयाला कुलूप लावणाऱ्यांपासून रस्ते खोदून ठेवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं काढली. पण सोसणारा आणि करणारा एकच, वर तोच आपल्याला चहा पाजतो, अशी केस पहिल्यांदाच आली. एवढा हेकेखोर माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही.

काका एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. अमरावती–अकोला ही त्यांची फेरी आणि तेच संपादकीय कार्यालय. मूर्तिजापूरपर्यंत तिकिटं आटपली की एक हात दांड्याला अडकवून, उभ्यानंच, ते आलेल्या कविता वाचत. अकोल्याच्या स्टँडवर आमच्या दुसऱ्या संपादक, उर्दू शाळेतल्या शिक्षिका, ज्यांना सगळे आपा म्हणतात, तो गठ्ठा डब्याच्या पिशवीत घालून नेत आणि दुसऱ्या दिवशी शेऱ्यांसकट परत देत. "भाऊ, हा कवी रडून बहुत राहिला, पन दुखते कुठं ते सांगूनच नाही राहिला." मराठीतल्या भल्याभल्यांना आपांनी असं वाटेला लावलं.

निवृत्त झाले तरी काकांचं उभं राहणं सुटलं नाही. घरी खिडकीचा गज धरून वाचायचे. उभ्यानं शेवटपर्यंत वाचून झालं तर छापायचं, मधेच बसावंसं वाटलं तर साभार परत, म्हणजे काकांच्या भाषेत 'उतरवलं'. माझ्या पहिल्या कवितेच्या तिसऱ्याच ओळीला ते खुर्चीत बसले. मी उसळले, "काका, ही व्यवस्थेविरुद्धची कविता आहे!"

"हो व पोरी, पन एवढी चिल्लावून काहून राहिली? बहिरी व्यवस्था आहे, मी नाही."

आतून काकू म्हणाल्या, "तिले पानी तरी पाजा अगोदर, मंग उतरवा!"

अंकातल्या जागाही तेच वाटत. मोर्शीच्या नवख्या पोराला पुढची सीट, नामवंत प्राध्यापक थेट मागच्या चाकावर. "नामवंतांले धक्के चालते." आणि अंक छपाईला सोडताना टेबलावर पेनानं दोनदा टकटक, डबल बेलसारखी. त्याशिवाय मशीन चालू करायची छापखानेवाल्याची हिंमत नव्हती. लेखकांचे परिचयही काकाच लिहीत, पण त्यात पुरस्कारांना बंदी. भातकुलीच्या एका बाईंबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'शिवणकाम करतात. मशीन थांबली की लिहितात.' बाईंनी ते पान काचेत लावलंय.

आता काकांचे गुडघे गेलेत. म्हणून हा शेवटचा अंक. बसून वाचा ना, मी म्हटलं. "बसून वाचलं तं सगळंच बरं वाटते, बाप्पा. तसं संपादन माह्याकडून होत नाही."

तेव्हा आपांनी ठरवलं, इतक्या वर्षांत जे कधीच छापलं नाही ते शेवटच्या पानावर छापायचं: दोन्ही संपादकांचे परिचय. आपांचा काकांनी लिहिला, काकांचा आपांनी. रविवारी प्रुफं आली. आपांच्या परिचयाला काकांनी हात लावला नाही. स्वतःच्या परिचयावर मात्र आडवी लाल रेघ ओढली. मी तिथंच भांडले. अकोल्याहून आपा फोनवर कडाडल्या, "भाऊ, माझा मजकूर तुमी मले न विचारता उतरवला?"

काका शांतपणे म्हणाले, "कंडक्टर सीटवर बसला तं प्रवासी उभा राहते, आपा. इतके वर्षं नाही बसलो. आता शेवटच्या स्टापले बसू काय?"

काका टेबलाचा कोपरा धरून उठले, कसेबसे सरळ उभे राहिले आणि पेनानं टकटक केली. दोनदा. मशीन सुरू झाली.

हे पत्रक मी त्यांच्या नकळत अंकात सरकवलंय. शेवटचं पान उघडा. आपांच्या परिचयाखाली अर्धं पान कोरं आहे, ती छपाईची चूक नाही. तुमचं नाव पहिल्यांदा कुणी छापलं, ते आठवा. पेन घ्या आणि त्या कोऱ्या जागेत या माणसाबद्दल एक ओळ लिहा.

उभ्यानं लिहा.