घाईची साक्ष

आमच्या दौंडच्या मंडळीत एक रीत आहे. उपासनेत दुसरं गीत झालं की पाळकसाहेब विचारतात, "कुणाची साक्ष आहे?" मग ज्याच्यावर देवानं उपकार केले असतील तो पुढं जातो आणि चार शब्दांत सांगतो. पोरगी पास झाली, ऑपरेशन नीट झालं, हरवलेली शेळी सापडली. शेवटी सगळे म्हणतात, प्रभूची स्तुती असो. मग तो खाली बसतो. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि नोकरी रेल्वेत गँगमनची, त्यामुळं चारचौघांत बोलायची सवय नाही. पण साक्ष द्यायची म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते.

मागच्या कापणीच्या सणाला मी असाच उठलो. आमच्या म्हातारीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, किडन्या खराब झाल्याचं डॉक्टरनं पावसाळ्यात सांगितलं होतं. पाय सुजायचे, अन्न जात नव्हतं. औषधं झाली, मंडळीनं उपास धरून प्रार्थना केली, आणि सणाच्या तोंडावर रक्त तपासलं तर रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाला, "फरक आहे. बघू पुढं." त्यातलं 'बघू पुढं' माझ्या कानात शिरलंच नाही. सणाला लोकांनी आणलेलं समोर मांडलं होतं, भोपळे, कणसं, पाय बांधलेला एक कोंबडा. त्या सगळ्याच्या पुढं उभं राहून मी सांगितलं की माझी बायको बरी झाली. बरी होतेय असं नाही म्हणालो. बरी झाली. वर आणखी जोडलं की डॉक्टरलासुद्धा काही कळेना. डॉक्टर असं काही बोललाच नव्हता. लोक उभे राहिले. म्हातारीनं बायकांत बसल्या बसल्या पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आनंदानं रडतेय.

येताना बसमध्ये ती म्हणाली, "अहो, वाईच थांबायचं व्हतं."

"देवाचे उपकार सांगायला थांबायचं कशाला?"

"देव कुठं पळून चालला व्हता?"

नाताळच्या आतच तिला धाप लागली. शिरूरला नेलं, आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त नळीनं बाहेर येतं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि परत अंगात जातं. हे आता कायमचं, असं डॉक्टर म्हणाला. या खेपेला त्याचा शब्दन् शब्द मी ऐकला.

आम्ही राहतो कारेगावला, पोराकडं. तो कंपनीत शिफ्टला जातो, सून पॅकिंगला जाते. जवळच एका भाड्याच्या खोलीत रविवारची प्रार्थना भरते, पण मी रिटायर झाल्यापासून दर रविवारी दौंडच धरलं होतं. माझा बाप तिथल्या मातीत आहे, मी दुसरीकडं का जाऊ? आता मात्र मी दौंडला जायचं सोडलं. ज्या लोकांपुढं बायको बरी झाली म्हणून छाती काढली, त्यांना तोंड काय दाखवायचं?

पाळकसाहेबांचा फोन आला. "आबा, बरेच रविवार दिसला नाहीत."

"बस बंद झाली ती."

"कुठली बस?"

"सकाळची."

म्हातारी शेजारी भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आत्ता फाट्यावरनं गेली ती कंची मग?"

मी भाजीच्या काड्या गोळा करायला लागलो. मग तीच म्हणाली, "देवावर रुसलाय का लोकांवर, येवढं तरी सांगा."

"कुणावर न्हाई."

"मग सोतावर."

मशीनच्या सुया टोचायला तिच्या डाव्या हातात छोटं ऑपरेशन करून दोन शिरा जोडल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागते. नर्सनं बजावलं होतं, रोज सकाळी हात लावून बघायचं. थरथर लागली म्हणजे शीर चालू, थांबली तर तसंच उठून यायचं. ते काम मी माझ्याकडं घेतलं. जन्म रुळावर गेला माझा. गाडी वळणाआड असली तरी रुळावर हात ठेवला की बारीक कंप कळायचा. तसाच हा कंप. फरक एवढाच की रूळ गप्प असला की आम्ही निवांत काम करायचो, आणि इथं गप्प झालं तर जीवाशी गाठ.

सकाळी जाग आली की मला हात लावायची भीती वाटायची. आधी अंथरूण घडी करायचो, पाणी प्यायचो, खिडकी उघडायचो. मग तिच्या उशाशी बसायचो. बोटाखाली थरथर लागली की माझा श्वास सुटायचा. ती डोळे मिटूनच विचारायची, "आली का गाडी?"

"आली."

शिरूरला डायलिसिसच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. न्हावरे गावाकडची एक बाई तिथं रोजची झाली होती. तिचा नवरा, उसाचा बागायतदार, आमच्या म्हातारीच्या शेजारच्या खाटेवर असायचा. बाई बोलकी. एकदा म्हणाली, "मामा, सुई टोचताना मामी काय पुटपुटत्यात?"

"प्रार्थना करती."

"मग आमच्या मालकांचंबी घाला की त्यात. आमच्या समद्या देवांना सांगून झालंय."

"तिला सांगा."

"त्या आत हायत. बाहीर तुम्हीच हाय."

"माझं वर चालत न्हाई," मी म्हणालो.

ती हसली. "रेल्वेतनं रिटायर झाला म्हंजी तिकडनंबी झाला का?"

मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही काहीतरी सांगून टाळलं. खरं कारण मनात होतं. तिच्या नवऱ्यासाठी तोंड उघडलं आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर ही पण म्हणणार, म्हाताऱ्याच्या शब्दाला अर्थ नाही. एकदा तोंडघशी पडलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मग ती सकाळ आली. अंथरूण घडी केलं, पाणी प्यालो, खिडकी उघडली, हात ठेवला. काही नाही. बोट जरा वर सरकवलं, खाली सरकवलं. तिचा हात थंड होता. मी माझे तळवे चोळून गरम केले, जसा काही दोष माझ्याच हातात होता, आणि पुन्हा ठेवला.

"आली का?" तिनं विचारलं.

मी बोट तसंच ठेवलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि उठून लुगडं नीट करायला लागली.

पोरगा शिफ्टला होता. सुनेनं रिक्षा आणली. शिरूरला डॉक्टरनं नळी लावून ऐकलं, मशीननं बघितलं, आणि म्हणाला, शीर बंद पडली. आज मानेत नळी टाकून डायलिसिस करू, आणि पुढच्या गुरुवारी पुण्याला उजव्या हाताचं ऑपरेशन. "शिरा बारीक आहेत त्यांच्या. होईल असं धरून चालू." तिला आत नेलं आणि दार लागलं.

मी बाकड्यावर बसलो. उजवा हातही नाही जमला तर काय, हे डॉक्टरला विचारायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, मी विचारलंच नव्हतं. देवाकडं काही मागावं असं मनात आलं, पण मागायला शब्द कुठले आणायचे? जे होते ते सगळे मी कापणीच्या सणाला उधळून बसलो होतो.

तेवढ्यात आतून ती न्हावऱ्याची बाई बाहेर आली. नर्सनं तिला बाहेर काढलं होतं. नवऱ्याचं बीपी एकदम खाली गेलं होतं, त्याला घाम फुटला होता, दोघंतिघं त्याच्याभोवती धावत होते. बाई माझ्या शेजारी बसली. आज ती हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मामा, आता तरी."

प्रभूला क्रुसावर द्यायला पकडून नेलं, त्याआधी बागेत प्रार्थना करताना त्यालाही भीती वाटली, घाम गळाला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण ते गुड फ्रायडेपुरतं. त्या दिवशी बाकड्यावर ते पहिल्यांदा माझ्या कामाला आलं. भ्यालेल्या माणसानं तोंड उघडलं तर चालतं, एवढंच मला समजलं. मी टोपी काढली.

"प्रभू, ह्या बाईचा मालक आत हाय. माझी बायको आत हाय. आम्हाला भ्या वाटतंय. काय व्हनार ते आम्हाला म्हाईत न्हाई. आम्हाला आत येऊ देत न्हाईत. तू जा. आमेन."

बाईनं डोळे उघडले. "झाली?"

"झाली."

"येवढीच?"

"येवढीच येती मला."

"बरी हाय," ती म्हणाली. "ध्यानात ऱ्हाईल."

तिचा नवरा त्या दिवशी सावरला. बाहेर आल्यावर चहा मागितला आणि साखर कमी म्हणून बायकोवर खेकसला. हे मी साक्ष म्हणून सांगत नाही. पुढच्या खेपेला त्याचं बीपी पुन्हा पडलं. आमच्या म्हातारीच्या मानेला पट्टी होती, तिच्यातून दोन नळ्या लोंबत होत्या, आणि डावा हात गप्प तो गप्पच होता. कशात काही सुधारलं नव्हतं. तरी त्या दिवशी मला बऱ्याच महिन्यांनी भूक लागली.

देवाची हाक पाळकांना येते, स्वप्नात येते, असं मला वाटायचं. माझ्यासारख्या रूळ ठोकणाऱ्याला कसली हाक? मला ती बाकड्यावर आली, एका बाईच्या आवाजात, आणि तीसुद्धा मी दोनदा टाळल्यावर. आता बाकड्यावरचे इतर लोकही सांगतात, मामा, आमच्या आईचं घ्या, आमच्या दाजींचं घ्या. मी घेतो. बरं होईल असं कुणाला सांगत नाही. शेजारी बसतो.

रविवारी सकाळी म्हातारी म्हणाली, "आज दौंडला जा."

"तुला टाकून?"

"सून हाय. ऑपरेशन गुरुवारी हाय, आज न्हाई. जा आन् सांगा."

"काय सांगू?"

"हाय ते. ह्या खेपेला पदरचं घालू नगा."

दुसरं गीत झालं. पाळकसाहेबांनी विचारलं. मी उठलो तशा सगळ्या माना वळल्या. मी बाकांच्या मधनं पुढं गेलो.

"मागं मी बायको बरी झाली म्हणून सांगितलं," मी म्हणालो. "ती बरी झाली नव्हती. डॉक्टरच्या तोंडीबी माझंच घातलं व्हतं. आज ती मशीनवर हाय. हातातली शीर बंद पडली. गुरुवारी दुसरा हात हाय, तो व्हईल का न्हाई म्हाईत न्हाई. मला लय भ्या वाटतंय. पण प्रभू आमाला टाकून गेलेला न्हाई. ही साक्ष. न्हावऱ्याकडचे एक शेतकरी हायत, त्यांचंबी प्रार्थनेत घ्या."

साक्षीचा शेवट कायम आनंदाचा, त्यामुळं पुढचं काय म्हणायचं हे लोकांना सुचेना. मी तसाच उभा. मग मागनं एका विधवा म्हातारीनं हळूच म्हटलं, "प्रभूची स्तुती असो." तिच्या मागून एकेक करून सगळे.

बाहेर चपला घालताना मंडळीच्या कारभारातले एक वडीलधारे म्हणाले, "आबा, साक्ष काम झाल्यावर द्यायची असती."

"मागं तशीच दिली व्हती," मी म्हणालो आणि बस धरली.

घरी आलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारी बसलो आणि सवयीनं तिच्या डाव्या हातावर हात ठेवला. आत काही नव्हतं. गुरुवारची भीती होती तशीच होती.

"सांगितलं का?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"पदरचं?"

"काय न्हाई घातलं."

ती माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "अहो, त्या रुळावरची गाडी बंद झाली. हात काढा की आता."

"राहू दे," मी म्हणालो.