टिंबटिंबरावांचा उखाणा

मला लिहायची सवय नाही. जमेल की नाही, ठाऊक नाही. पण प्रेमाबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

प्रेमा माझी बायको. मूळची मालवणची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना ती या वयात फुगडी शिकवते. ती गिरकी घेऊ लागली की आम्ही खुर्च्या भिंतीला लावतो. त्यांच्या फुगडी मंडळाचा सगळा कारभार तिच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर चालतो.

रविवारी जोगेश्वरीला स्पर्धा होती. शुक्रवारी तिच्या जोडीदारणीचा, मीराचा मेसेज आला की, चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, तो लगेच पाठव. कोड खरंच आला होता. प्रेमा पाठवायला निघाली आणि थबकली. कोड दिला की अकाउंट चोराच्या हाती, मग तो तुझ्या नावाने मंडळातल्या प्रत्येकीला फसवणार, असं भाची रुचिराने तिला बजावलं होतं. पण ही तर मीरा. तिला नाही म्हणावं, तर रविवारी ती रुसून बसायची.

प्रेमाने लिहिलं, “आधी उखाणो घे, मगे कोड.”

मीराचा उखाणा मंडळात सगळ्यांना पाठ आहे. तरी उत्तराला बराच वेळ लागला. मग आलं:

“दारात सडा, सड्यावर रांगोळी,
......रावांचं नाव घेते, ताटात पुरणपोळी.”

चोराने कुठूनतरी उतरवला होता, नवऱ्याची जागा रिकामीच ठेवून. प्रेमा इतकी हसली की मी सोललेल्या शेंगा तिच्या मांडीवरून घरभर झाल्या. “अहो, मीरेचं लग्न टिंबटिंबरावांशी कधी झालं?”

तिने मीराला साधा फोन लावला. मीरा रडवेली झाली होती. सकाळी तिनेच कोणालातरी असा कोड दिला होता. प्रेमाने तिलाही सोडलं नाही. हुंदके देत मीराने शिवदासरावांचं नाव घेतलं, तेव्हा कुठे पुढचं बोलणं. मग एकेकीला फोन करून सावध केलं. संध्याकाळी रुचिराने मीराचं अकाउंट परत मिळवलं, दोघींच्या फोनवर जादा पिन बसवला आणि जन्मतारीख ठेवू नका म्हणून दटावलं. रविवारी दोघी अशा काही फिरल्या की परीक्षकांनाच गरगरलं.

आता मंडळाचा नियमच आहे. कोणी कोड मागितला, तर आधी उखाणा, तोही तोंडी.

परवा मी मोबाइल घाटकोपरला दुरुस्तीला नेला आणि स्वतःचाच पिन विसरलो. दुकानदाराच्या फोनवरून प्रेमाला विचारलं. ती म्हणाली, “अहो, तुम्हीच असाल तर उखाणा घ्या.”

दुकान माणसांनी भरलेलं. मी चारचौघांत बोलणारा माणूस नव्हे. डोळे मिटले आणि म्हटलं:

“सोलकढीला कोकम, माशाला कोथिंबीर,
प्रेमा बोलली नाही, तर सुटतो माझा धीर.”

दुकानात टाळ्या पडल्या. पलीकडून बारीक आवाजात ती म्हणाली, “बरं, तुम्हीच आहात. आता घरी या. पिन काय परक्याच्या फोनवर सांगायचा असतो?”