सतरावी रेघ आणि आमची विहीर

मी दुबईला निघाले तेव्हा रत्नागिरीच्या स्टँडवर माझे दोघे धाकटे भाऊ, सुधा आणि मोहन, माझी बॅग कुणी उचलायची यावरून भांडत होते. आई म्हणाली, "पोचलीस की दोघांना वेगवेगळं पत्र टाक, नाहीतर रुसतील." छत्तीस वर्षं झाली त्याला. पुढे यजमान वारले. आता मी इथेच मुलाच्या फ्लॅटमध्ये असते, आणि नात इरा माझ्याशी इंग्रजीत बोलते.

परवा तिचा भूगोलाचा होमवर्क होता. कोरियाची वाटणी अडतिसाव्या अक्षांशावर झाली म्हणे. मी विचारलं, अगं, तिथे नदी होती का, डोंगर होता का? "नो आजी, दे जस्ट हॅड अ मॅप." दूर बसलेल्या अधिकाऱ्यांनी घाईत नकाशा बघून ठरवलं, आणि गावंच्या गावं चिरली. व्हिएतनामची रेघ सतरावी. ती मी नकाशावर बोटाने पश्चिमेकडे ओढत आणली, तर थेट आमच्या रत्नागिरीवर आली. तिथे बायका नवऱ्यांपासून वीस वर्षं तुटल्या, आणि तीच रेघ आमच्या फणसावरून गेली तरी कुणाला पत्ता नाही. मला जेवण गेलं नाही.

कारण त्याच आठवड्यात सुधाने व्हॉट्सअ‍ॅपवर मोजणीचा नकाशा धाडला होता. माहेरच्या घर-आवाराची दोघा भावांत वाटणी, मधून सरळ रेघ. माझी सही हवी होती, वकिलातीत जाऊन. मुलगा म्हणाला, आई, साइन कर आणि खलास. पण मी अंदाज घेतला, विहीर सगळी सुधाच्या बाजूला. मोहनच्या बायकोने पाणी कुठून आणायचं? मी पेन्सिल घेतली, रेघ विहिरीपाशी वाकवली, मोहनला वाट काढून दिली आणि दोघांना फोटो पाठवला. बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

फोन आला तो मोहनचाच. "ताई, विहीर बुजवून दोन वर्षं झाली. घरात नळ आलाय. त्या जागी सुधाच्या मुलाची खोली आहे. सुधाला वाटतं, तुला मीच पढवलं. बोलत नाही आता माझ्याशी."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"तू विचारलंस कधी?"

तुम्हीही माझ्यासारखे बाहेर असाल तर सांगते, आपल्याला पाठ असतं ते घर आपण निघालो त्या दिवसाचं असतं. सही मी केलेली नाही, पेन्सिलही धरत नाही. पुढच्या महिन्यात जातेय, इन्शाल्ला. दोघांना सांगितलंय, माझ्याबरोबर आवारातून चाला, रेघ कुठे पडते ते पायांनी बघू. सुधाने अजून हो म्हटलेलं नाही.