तात्यांना दिलेले चार अंक

बारामतीच्या आमच्या साप्ताहिकात संगणक आला, तेव्हा काम निम्म्यावर येईल असे विकणाऱ्याने सांगितले होते. मी पुरावा मागितला. तो मिळाला नाही. मिळाले ते किस्से, आणि ते इतके साठले की चार मैत्रिणी जमल्या की मला दुसरे काही बोलूच देत नाहीत.

बहुतेक किस्से तात्यांचे. जळोचीहून सायकलवर येणारे तात्या पंचवीस वर्षे छपाईचे खिळे जुळवत होते. मालक-संपादक आबांनी त्यांना मुदत घातली : "चार अंकांत संगणक जमवा, तात्या. न्हायतर पुण्याचा ऑपरेटर बोलवावा लागंल." शिकवण्याचे काम उपसंपादक म्हणून माझ्याकडे आले.

*

पहिल्या दिवशी तात्यांनी पानभर मजकूर टाइप केला, बटण बंद केले आणि घरी गेले. सकाळी पडदा कोरा.

"सेव्ह केलं होतं का, तात्या?"

"कशाला? खिळं जुळवून ठिवलं की सकाळी तितंच असत्यात. ह्यो काय रातचा गावाला जातो व्हय?"

*

दुसऱ्या आठवड्यात इंदापूरच्या वार्ताहराचा मजकूर एसटीने आला : केळी, डाळिंब, गूळ, गळीत हंगाम. तात्यांनी हात आखडला. खिळ्यांच्या खान्यात ळ मोजकेच असत. ते संपले की तात्या डाळिंबाची बातमी परस्पर पेरूची करत, हे मला त्या दिवशी कळले.

"मॅडम, ह्यात ळ किती भरल्यात?"

"संपत नाहीत, तात्या."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी माझाही बसला नसता. दुपारभर ते एकच कळ दाबत राहिले. सहा पाने भरल्यावर उठून त्यांनी यंत्राला हात जोडले.

"न्हाय संपत."

*

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना केलेला बदल माघारी घेण्याची कळ दाखवली. ते तडक आबांच्या टेबलाशी गेले.

"आबा, ती मुदत माघारी घ्या. मिशिनीत सोय हाय."

"माझ्यात न्हाय," आबा म्हणाले.

*

चौथ्या अंकात एका ग्रामपंचायतीचा निकाल होता. विजेत्यांच्या यादीत 'उमेदवार'च्या आधी 'विजयी' राहून गेले होते. मी एका आज्ञेत पानभर 'उमेदवार'चे 'विजयी उमेदवार' केले, यादी तपासली आणि समाधानाने चहा मागवला.

शेवटचे वाचन तात्यांचे. ते पडद्यापुढे अस्वस्थ. "अक्षरं सुलटी हायेत, मॅडम. मला खिळ्यावरची उलटी वाचायची सवय." त्यांनी पिशवीतून दाढीचा आरसा काढून पडद्याखाली आडवा ठेवला आणि त्यात बघत भराभर वाचू लागले.

"मॅडम, ह्या गावात पडलं कोण?"

"म्हणजे?"

"समदेच विजयी हायेत. एकच मत मिळालंय त्यो बी."

खाली बातमीत पराभूतांची नावे होती. अंक तसाच गेला असता, तर दोन्ही पॅनेलांनी एकाच चौकात गुलाल उधळला असता. आबांनी सगळे ऐकले होते.

सोमवारी पुण्याचा ऑपरेटर मुलाखतीला आला. आबांनी त्याला संगणकापुढे बसवले आणि हातात तात्यांचा आरसा दिला.

"हं, वाचून दाखवा."

ऑपरेटरने आरशात पाहिले आणि खिशातून कंगवा काढून भांग सारखा केला.