दहाव्याचं रील

वडिलांच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, एकही खाली येईना. अशा वेळी आमच्याकडे घरचे एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतात. काकांनी दिला. आईला सांभाळीन, असा मीही दिला. कावळे ढिम्म.

मग आई उठली. हात जोडून म्हणाली, "अवो, तुमची म्हस मी इकणार न्हाई. मरंस्तवर दावणीला ठेवीन. जावा आता सुखानं." वडील त्या म्हशीला रोज स्वतः धुवायचे, अंथरुणाला खिळल्यावरही तिचीच चौकशी. आई बाजूला झाली आणि कावळा उतरला. सगळा घाट रडला.

माझा चुलतभाऊ तेवढा मोबाईल धरून उभा होता. संध्याकाळपर्यंत त्यानं रील टाकलं. आईच्या शब्दांमागे फिदीफिदी हसण्याचा आवाज, वर लिहिलेलं, 'नवऱ्यापेक्षा म्हैस मोठी'. मी त्याची गचांडी धरली, तर म्हणतो, "अरं चिडतो काय? काकू फेमस झाली की!" आजोबांच्या दहाव्याला यानं स्वतः शब्द दिला होता. त्याला हे कळत नव्हतं, असं कुणी मला सांगू नये. शेवटी त्यानं ते काढून टाकलं, पण तोवर ते शंभर ठिकाणी गेलं होतं.

मी खंडाळ्याला एका हॉटेलात रिसेप्शनवर असतो. महिनाभरानं तिथं सोफ्यावर बसलेल्या एका पाहुण्याच्या मोबाईलमधून माझ्या आईचा आवाज आला. त्यानं बायकोला दाखवलं, दोघं हसले, परत लावलं. आणि मी काय केलं? खोलीची किल्ली दिली, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते सांगितलं. त्या माणसाचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. अजून येतो.

गावात आई डेअरीला दूध घालायला निघाली की कुणीतरी विचारायचंच, "मावशी, म्हस बरी हाय का?" मग एके दिवशी दोन मुली थेट गोठ्यात आल्या. म्हणाल्या, म्हशीच्या गळ्यात हात घालून तेच परत म्हणा ना. आई हात जोडून "न्हाई बाई" म्हणाली, तर त्यांनी तेही मोबाईलवर काढलं.

चार दिवसांनी आई मला म्हणाली, "म्हस इकून टाक."

"अगं, बाबांना शब्द दिलायस तू."

"दिलाय. पण हिच्या अंगाला हात लावला की मला ते हसणंच ऐकू येतंय."

टेम्पो आला तेव्हा ड्रायव्हरला रस्ता सांगायला माझा मोबाईल हातातच होता. आईनं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. तिनं मोबाईलकडे बघितलं, हात काढून घेतला आणि न रडता घरात निघून गेली.